बगळ्याचं दार

ओमानमधल्या रुसैलच्या कारखान्यांसमोर हसन अर्बाबचं, म्हणजे हसनशेठचं, व्हिडिओ कॅसेटचं दुकान होतं आणि ते चालवायचा रत्नागिरीजवळच्या साखरतरचा मुनीर. दुकानात सगळ्यात जास्त मागणी चिनी मारामारीच्या सिनेमांना. बसगाड्या भरभरून येणारे कामगार दहा मुलखांचे, पण लाथ समजायला भाषा लागत नाही. मुनीरला मात्र मारामारीत काडीचा रस नव्हता. त्याचा जीव जडला होता सिनेमा सुरू व्हायच्या आधी येणाऱ्या चिनी स्टुडिओच्या निशाणीवर.

दुपारी एक ते चार दुकान बंद असे. बाहेर ऊन नुसतं पांढरं झालेलं, आत एसीची घरघर. मुनीर गल्ल्यामागे चटई टाकून आडवा व्हायचा आणि टीव्ही लावायचा. कापडावर रंगवलेली नदी, पलीकडे लाल दार. पुठ्ठ्याचा पांढरा बगळा तरंगत यायचा. नीट पाहिलं तर त्याला ओढणारा दोराही दिसायचा. बगळा दारावर बसला की घंटेचा एकच ठोका पडे, ढण्ण, आणि दार उघडे. आत फक्त उजेड. एवढंच, बारा सेकंदांचं. मुनीर कॅसेट मागे फिरवून पुन्हा लावायचा आणि पाहता पाहता त्याचा डोळा लागायचा. झोपेत तो त्या नदीकाठी चपला काढून उभा असायचा.

गावाकडे पत्र लिहिण्यापेक्षा तो कॅसेटवर बोलून पाठवायचा. लग्नांच्या शूटिंगसाठी दुकानात कॅमेरा होता, तो स्टुलावर ठेवायचा आणि समोर बसायचा. नवी कॅसेट परवडत नसे. अर्बाब घासून गेलेले सिनेमे त्याला देऊन टाकायचा, त्यावरच तो आपलं बोलणं भरायचा. पण या धंद्यातला एक नियम आहे : टेपचा सुरुवातीचा तुकडा सगळ्या मशिनींनी चावलेला असतो, त्यावर आपलं काही भरायचं नाही. म्हणून मुनीर तेवढा तुकडा तसाच सोडायचा आणि दार उघडलं की तिथून स्वतःला भरायचा.

झालं काय, की साखरतरला शेजारच्या सफूराचाचीच्या व्हीसीआरवर कॅसेट लावली की आधी रेघा मारत बगळा यायचा, ढण्ण व्हायचं, दार उघडायचं आणि आतून मुनीर म्हणायचा, "अस्सलाम अलैकुम. तब्येत बरी हाय ना?" तो ओमानला आला तेव्हा त्याची अफशीन आठ महिन्यांची होती. तिला बाप भेटला तो असा. तिने सरळ हिशेब लावला : अब्बा त्या दाराच्या आत राहतो.

शहाण्णव साली मुनीर रजेवर गेला. चार वर्षांची अफशीन आईच्या ओढणीमागे लपली.

"ह्यो नाय," ती म्हणाली. "माजा अब्बा दारातून येतो."

दीड महिना त्याने खाऊ दिला, खांद्यावर घेऊन खाडीवर फिरवलं. पोर हसली, खेळली, पण अब्बा म्हणून एकदाही हाक मारली नाही. निघायच्या दिवशी ती सफूराचाचीकडे कॅसेट बघत बसली होती आणि मुनीर तिच्या मागेच उभा होता. पडद्यावरच्या मुनीरला तिने हात हलवला. त्या क्षणी त्याला स्वतःचाच हेवा वाटला आणि रडूही आलं.

परत आला तर निशाणी बदललेली. आता खरी नदी, खरं लाकडी दार, पाण्यावर धुकं आणि खरा बगळा, पंखांवरून पाणी निथळणारा. पुढची कॅसेट त्या दारातून गेली. शुक्रवारी फोनवर अफशीनने विचारलं, "दार नवीन केला?"

खरं सांगायची हीच वेळ होती. मुनीर म्हणाला, "होय गो. जुन्या दाराला वाळवी लागली."

एका खोट्याला दहा खोट्यांचं टेकण लागतं. बगळा कोणते मासे खातो, नदी कुठून येते, घंटा कोण वाजवतं, दर शुक्रवारी नवं काहीतरी. दुकानामागच्या खोलीत पाच जणांत वळकटी पसरणारा हा माणूस बोलता बोलता नदीकाठी राहायला जायचा. एकदा त्याच्या बायकोने, अमीरुन्निसाने, फोन ओढून घेतला. "पोरीशी खोटा बोलू नका. उद्या ती थय इली तर दार खयसून आणाल?"

"उद्याचं उद्या," मुनीर म्हणाला. आळशी माणसाचं हे लाडकं वाक्य.

दोन हजार साली निशाणी पुन्हा बदलली. या वेळी सगळं कॉम्प्युटरचं. चांदण्यांत गरगर फिरणारं सोन्याचं दार, उजेडाचा बगळा, तोही शेवटी अक्षरं होऊन विरघळायचा. मुनीरला ते अजिबात आवडलं नाही. ना दोरा, ना ओला पंख. माणसाने टेकायचं कुठे? तरी फोनवर अफशीनने काही विचारलं नाही तेव्हा त्यानेच सांगितलं, "आता सोन्याचं केलंय दार."

"हं," अफशीन म्हणाली.

दोन हजार दोनमध्ये अर्बाबने जवळच माबेल्याला नवं दुकान काढलं आणि मुनीरला फॅमिली व्हिसा मिळवून दिला. आता मात्र मुनीरची झोप उडाली. पोरगी दहा वर्षांची झाली होती. दार नाही दिसलं तर ती पुन्हा म्हणेल, ह्यो नाय. मग जन्मात हाक मिळायची नाही. त्याने माबेल्यात दोन खोल्या घेतल्या. तिकडच्या घरांना असतं तसं लोखंडी फाटक होतं. ते त्याने लाल रंगवलं आणि वर पांढरा बगळा काढला. अर्बाब कौतुकाने बघत म्हणाला, "मुनीर, बतख अच्छा बनाया."

गुरुवारी दुपारी दोघी आल्या. विमानतळापासून टॅक्सीत अफशीन आईला चिकटून बसली होती, त्याच्याकडे तिरक्या नजरेने बघत. फाटकासमोर उतरल्यावर मुनीरचा धीर सुटला.

"अफशीन, ता दार... मी खोटा बोललो गो. ती सिनेमाची निशाणी."

"मना म्हायत होता," ती खाली बघत म्हणाली. "चाचीकडच्या फिलमांना पन तोच बगळा. त्यांच्या दारातून मारामारी यायची. आपल्या दारातून तुमी यायचे."

"मग विचारत का होतीस?"

"तुमी सांगायचे म्हणून."

अमीरुन्निसा उन्हात बॅगा धरून दोघांकडे बघत राहिली. अफशीनने आईच्या पिशवीतून डबा काढला, त्याचं स्टीलचं झाकण हातात घेतलं.

"तुमी आत जावा," ती म्हणाली. "दार लावून घ्या."

मुनीर आत गेला. कडी घातली. पायांखाली तापलेली फरशी, समोर फाटकाची आतली बाजू. ती रंगवायची राहूनच गेली होती. बाहेरून लोखंडावर झाकण आपटलं, ढण्ण. त्याने कडी काढली आणि फाटक ओढलं.

"अब्बा," अफशीन म्हणाली. "आता बोला ना."

दहा वर्षं स्टुलावरच्या कॅमेऱ्याशी न थांबता बोललेल्या मुनीरला पहिला शब्द काही केल्या आठवेना.