वायर कोण गुंडाळणार

जुने गेम कन्सोल दुरुस्त करायचं आमचं दुकान. दादाचं आणि माझं. कपाटाच्या एकेका खणावर दादाने पट्टी चिकटवलेली: तिसरी पिढी, चौथी, पाचवी. भांडण झालं ते एका काळ्या, बोजड कन्सोलवरून. कंपनीने तो उशिरा बाजारात आणला आणि तो सपशेल आपटला. माझं म्हणणं, आतली चिप जुनीच, म्हणजे चौथी पिढी. दादाचं म्हणणं, चिपचं काय घेऊन बसलीस, वकीलबाई. ज्यांच्याशी टक्कर द्यायला तो आला ते सगळे पाचवीतले, मग हाही पाचवीतलाच.

आमचा लहानपणापासूनचा नियम होता. वादात जो हरेल त्याने कंट्रोलरची वायर गुंडाळून कन्सोलवर ठेवायची. या वेळी वायर कुणीच गुंडाळली नाही. शब्दाने शब्द वाढला, मी नाही नाही ते बोलले आणि तरातरा निघून गेले, ती आठ महिने दुकानाकडे फिरकले नाही. मग एक दिवस वहिनीचा फोन आला, दादाला दवाखान्यात ठेवलंय. मी पोचले तेव्हा त्याला शुद्ध नव्हती. दुसऱ्या दिवशी तो गेला. आग लागो त्या माझ्या हट्टाला.

आता दुकान मीच चालवते. पहिल्याच दिवशी तो कन्सोल उचलून चौथीच्या खणात ठेवला. जित्याची खोड, दुसरं काय. सकाळी कुलूप उघडून बघते तर तो पाचवीच्या खणात, वायर खाली लोंबतेय. दुसरी किल्ली वहिनीकडे होती. तिला विचारलं तर म्हणाली, त्या दुकानाची पायरी चढवत नाही गं मला, आणि किल्लीच माझ्या हातात ठेवली. मी कन्सोल परत चौथीत ठेवला. सकाळी परत पाचवीत. अंगावर काटा आला, आणि खरं सांगते, रागही आला. गेला तरी हेका सोडायचा नाही म्हणजे काय! अकरा दिवस हेच चाललं.

बाराव्या दिवशी संध्याकाळी दुकान आवरताना मला रडू फुटलं. मला जिंकायचं नव्हतंच. त्याच्याशी बोलायचं राहून गेलं होतं. मी कन्सोल पाचवीत ठेवला, वायर नीट गुंडाळून वर ठेवली.

"दादा, तुझंच खरं," मी म्हणाले. "चुकले मी."

सकाळी कुलूप काढून आधी कपाटापाशी गेले. कन्सोल चौथीच्या खणात होता. वायर गुंडाळलेलीच होती, पण मी गुंडाळलेली नव्हे. दादा डावखुरा, त्याचे वेढे उलटे पडायचे आणि टोक तो आत खोचायचा. टोक आत खोचलेलं होतं.

नंतर भांडण उकरून काढावं म्हणून मी कन्सोल पाचवीत ठेवून पाहिला. आता तो ठेवला तिथेच राहतो. वायर मात्र मी अजून सोडलेली नाही.