जरा सरकून बस

मित्रांनो, कोर्टात जाऊन आलेल्या माणसाला न्यायाधीश आठवतात, वकील आठवतात, फार तर भिंतीवरचे बंद घड्याळ आठवते. ज्याच्यावर तो तासन्‌तास बसला त्या बाकाची मात्र कुणाला आठवण राहत नाही. तो बाक मी. अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराच्या काठी आल्डर बे नावाचे गाव आहे. तिथल्या कोर्टाच्या दुसऱ्या मजल्यावर, न्यायदालनाच्या दाराबाहेर माझे आयुष्य गेले. रडगाणे गायला मी तोंड उघडलेले नाही. सांगण्यासारखे घडले आहे म्हणून सांगतो.

मला आयनो लाम्पी या सुताराने घडवले. माणूस मोठा अबोल. दिवसभरात बायकोशी चार शब्द बोलायचा, पण रंधा मारताना लाकडाशी मात्र गप्पा चालत. त्याने ओकची एकच अखंड फळी निवडली. कुठे गाठ नाही, कुठे सांधा नाही. काम पुरे झाले तेव्हा गावकरी मुद्दाम जिना चढून बघायला आले. "किती माणसं बसतील रे?" कुणीतरी विचारले. आयनो म्हणाला, "हिवाळ्यात आठ. उन्हाळ्यात कोट काढले की नऊ." एवढे बोलून तो घरी गेला.

मग माझे कामाचे दिवस सुरू झाले. जाळ्यांच्या हद्दीवरून भांडणारे मासेमार माझ्यावर बसले. कोर्टात लग्न लावायला आलेली, हातमोज्यातच हात धरलेली जोडपी बसली. दारू पिऊन बर्फाच्या ढिगात गाडी घालणारे बसले आणि त्यांच्या मानगुटीवर बसलेल्या त्यांच्या आयाही बसल्या. गावाची एक रीत होती. कुणी उभा दिसला की बसलेल्याने सरकून जागा करायची. न सरकणारा माणूस उद्धट. कोर्टाचा पट्टेवाला मर्ल स्टॉके तर सगळ्यांना बजावायचा, "इथं सगळे सारखे. बाक एकच, पाद्री असो नाहीतर चोर." हे ऐकून मी फुशारून जाई. खरेच वाटे, की या इमारतीतला पहिला न्याय तर मीच देतो!

पुढे माझ्याकडे दुर्लक्ष झाले. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेल्या आणि बुटांबरोबर आत आलेल्या मिठाने माझे पाय पांढरे पडले. पॉलिश उडाले. खालच्या बाजूला च्युइंगगमची इतकी वस्ती झाली, की तिथे एक नगरपालिका स्थापन करता आली असती. पण ते दुःख किरकोळ. खरे दुःख वेगळेच होते.

माझ्यावर नव्या प्रकारची माणसे येऊन बसू लागली होती. घरात मार खाल्लेल्या बायका. कायदा असा होता, की बाईने अर्ज केला की लगेच एक तात्पुरता हुकूम निघे. नवऱ्याने तिच्याजवळ जायचे नाही, तिच्याशी बोलायचे नाही. मग थोड्या दिवसांनी दोघांना बोलावून तो हुकूम पक्का करायचा. आणि मित्रांनो, त्या दिवशी काय होई, ऐका. ज्या हुकुमात जवळ जाऊ नकोस असे लिहिले, तोच हुकूम पक्का करायला आलेल्या दोघांना माझ्या एकाच फळीवर शेजारी बसवले जाई! मुद्दाम कुणी करत नसे. रीतच तशी होती. माणूस उभा आहे, मग सरका, बसू द्या.

माझ्यावर बसून काय पुटपुटले जाते, ते मला ऐकू येई. मग नाव पुकारले जाई. बाई आत जाई आणि म्हणे, "मला अर्ज मागे घ्यायचाय." जुने न्यायाधीश चष्मा पुसत म्हणत, "वा, मिटलं तर. नवराबायकोचं भांडण, दुसरं काय!" कचेरीतले लोक म्हणत, या बायका आधी धावत येतात आणि मग शेपूट घालतात. मी आतून पेटून उठे. पण लाकडाला जीभ नाही.

ते न्यायाधीश निवृत्त झाले आणि नव्या न्यायाधीश येणार असे कळले. बाई आहेत, बाहेरगावच्या आहेत, एवढेच सगळ्यांना ठाऊक होते. त्या दिवशी सरोवरावरून असा वारा सुटला होता, की जिना चढून येणारी माणसे टोपी, गळपट्टा आणि जाड कोटाची गाठोडीच दिसत होती. अशीच एक बाई आली. न्यायाधीशांच्या खोलीचे दार ढकलून बघू लागली. दाराला कुलूप होते.

मर्लने लांबूनच हाक मारली. "ओ बाई, तिकडं नाही जायचं! बसा त्या बाकावर. नंबर आला की बोलावतो." ती काही सांगणार होती, पण तोवर मर्ल दुसरीकडे वळला होता. ती हसली आणि माझ्या टोकाला बसली. मधोमध रोंडा कोस्की आधीपासून बसली होती. शाळेच्या भटारखान्यात काम करणारी, गावातच वाढलेली. लेकीला घेऊन ती बहिणीकडे राहायला गेली होती. हुकूम पक्का करून घ्यायचाच, असे ठरवून आली होती. बोटांनी कोटाचे बटण पिळत होती, पण मान ताठ होती.

तेवढ्यात तिचा नवरा आला. डीन कोस्की. मित्रांनो, हा काही लाल डोळ्यांचा, मिशांना पीळ देणारा गुंड नव्हता. गावातल्या साऱ्या म्हाताऱ्यांच्या दारातला बर्फ हा आपल्या ट्रकने फुकट काढून द्यायचा. त्याला पाहताच मर्लचा चेहरा खुलला.

"अरे, ये रे डीन! काल आईच्या दारातला बर्फ तूच काढलास ना? म्हातारी तुझं नाव घेऊन दुवा देते बघ."

"त्यात काय एवढं, मर्लकाका."

"रोंडा, सरक गं जरा. त्याला बसू दे. आणि तुम्ही बाई, थोडं तिकडं व्हा." मर्लने सगळ्यांना सरकवले, डीनला दोघींच्या मध्ये बसवले आणि समाधानाने निघून गेला.

डीन समोर बघत, अगदी मऊ आवाजात बोलू लागला. "टोबीला आज मागच्या अंगणात बांधून आलोय."

टोबी म्हणजे त्यांच्या लेकीचा कुत्रा. बहिणीच्या घरी कुत्रा चालत नव्हता, म्हणून तो मागे राहिला होता.

"इतक्या थंडीत?" रोंडा पुटपुटली.

"त्याला काय, केस आहेत की. पण संध्याकाळपर्यंत टिकेल असं काही वाटत नाही." तो थोडा थांबला. "आत जाऊन सांग, माझी चूक झाली म्हणून. मग दोघं मिळून घरी जाऊ, त्याला आत घेऊ. नाहीतर पोरगी विचारेल, टोबी कुठाय. तेव्हा तूच सांग तिला."

बस्स, एवढेच. आवाज चढला नाही, हात उचलला नाही. रोंडाची बोटे माझ्या फळीची खालची कड इतकी घट्ट आवळत होती, की आयनोच्या रंध्यानेही मला इतके दुखवले नव्हते. तिची मान हळूहळू खाली गेली. पुढे काय होणार, ते मला पाठ होते.

पण या वेळी माझ्या टोकाला बसलेली बाई उठली. मर्लजवळ गेली. "ती खोली उघडून देता का? मी लोर्ना हॉगन."

"कोण हॉगन?"

"नवी न्यायाधीश."

मर्लच्या हातातला किल्ल्यांचा जुडगा खाली पडला. डीनने मात्र पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिले.

न्यायदालनाचे दार हिवाळ्यात धड लागत नाही, त्यामुळे पुढचे मला स्पष्ट ऐकू आले. रोंडा म्हणाली, "मला अर्ज मागे घ्यायचाय. माझीच चूक झाली."

"रोंडाबाई," हॉगनबाई म्हणाल्या, "मी आत्ता बाहेर त्याच बाकावर बसले होते. जे ऐकायचं ते ऐकलंय. त्यामुळे तुमच्या अर्जाचा निकाल मी देणं बरोबर नाही. शेजारच्या जिल्ह्याचे न्यायाधीश दुपारी तो देतील, आणि मला विचारलं तर मी साक्ष देईन. तोवर तात्पुरता हुकूम लागू आहे." मग त्यांचा आवाज वळला. "मिस्टर कोस्की, त्या हुकुमात तिच्याशी बोलायची मनाई आहे. शेजारी आम्ही बसवलं, ती आमची चूक. तुम्ही बोललात, ती तुमची."

"मी कुत्र्याबद्दल बोलत होतो फक्त!"

"हो. तेच ऐकलं मी."

मग हॉगनबाई म्हणाल्या, "रोंडाबाई, अर्ज मागे घ्यायचा तर जरूर घ्या. तुमचा हक्क आहे तो. पण एकटीनं बसून ठरवा. मर्ल, यांना दार लागेल अशी एखादी खोली द्या."

तशी खोली कोर्टात नव्हती. समोर एक अडगळीची खोली होती, तिथे नाताळची सजावट ठेवत. मर्लने पुठ्ठ्याचा बर्फमाणूस आणि दिव्यांच्या माळा बाजूला सारल्या आणि तिला आत बसवले. दार लावून स्वतः बाहेर उभा राहिला. डीन माझ्यावर एकटाच बसला होता. त्याच्या शेजारी एक पोलीस उभा होता. डीन सारखा गुडघा हलवत होता. मर्लला म्हणाला, "मर्लकाका, तुम्ही तर मला ओळखता."

मर्ल म्हणाला, "तेच म्हणत होतो मी इतकी वर्षं." आणि त्याने तोंड फिरवले.

मित्रांनो, त्या तासाएवढा लांब तास मी कधी अनुभवला नाही. ती मागे घेईल का? टोबीसाठी, लेकीसाठी, गावात तोंड दाखवायला हवे म्हणून? शेवटी दार उघडले. रोंडाचे डोळे सुजले होते, पण ती सरळ चालत आली. डीनकडे तिने पाहिले नाही.

"मर्लकाका, सांगा आत. मी मागे घेत नाही. टोबीचं काय व्हायचं ते होवो."

मर्लचा फोन वाजला तो त्यानंतर. हॉगनबाईंनी टोबीला बघायला डीनच्या घरी पाठवलेला पोलीस बोलत होता. अंगणात नुसती दोरी सापडली होती. शेजारची ट्युओमिनेन आजी सकाळीच कुंपण ओलांडून टोबीला घेऊन गेली होती आणि आता तो तिच्या शेगडीपुढे लोळत रात्रीचे उरलेले मटण खात होता. आजीने पोलिसाला निरोपही दिला होता, "त्या डीनला सांगा, माझ्या दारातला बर्फ काढतोस म्हणून मी कुत्रं गोठू देईन, असं वाटलं होय रे तुला?" तेव्हा कुठे रोंडा मोठ्याने रडली. दुपारी हुकूम पक्का झाला. तिची गाडी निघून जाईपर्यंत डीनला माझ्यावरून उठू दिले नाही. या कोर्टात असे प्रथमच घडत होते.

पण एकीचे झाले म्हणून हॉगनबाई स्वस्थ बसल्या नाहीत. अशा दोघांना बसायला त्यांना दोन वेगळ्या जागा हव्या होत्या. यापुढे कुणी अर्ज मागे घेतो म्हटले, तर आधी बंद खोलीत, एकट्याला विचारायचे, असाही त्यांनी नियम केला. मर्लला ते पटत नव्हते.

"मॅडम, इथं आपण सगळ्यांना सारखंच वागवतो. बाक एकच."

"मर्ल, एक जण दुसऱ्याला घाबरून बसलेला असेल, तर एका फळीवर बसवून दोघं सारखे कसे होतील?"

मर्ल बरेच दिवस येता-जाता माझ्याकडे बघत राहिला. मग एके सकाळी स्वतःच सुताराला घेऊन आला. अडगळीची खोली रिकामी केली होती, पण माझी लांबी त्या दारातून जात नव्हती. नवा बाक घ्यायला वरून मंजुरी नव्हती. गावच्या समितीतले एक गृहस्थ धावत जिना चढून आले.

"आयनोच्या फळीला करवत लावताय? गावाची शान आहे ही!"

"मग शान घरी घेऊन जा," मर्ल म्हणाला. "इथं काम आहे."

मित्रांनो, मला भीती वाटली नाही असे म्हटले तर ते खोटे ठरेल. त्या अखंडपणाचाच मला जन्मभर अभिमान होता. पण करवतीचा पहिला दात लागला, तेव्हा मला रोंडाची बोटे आठवली आणि मी मनात म्हणालो, चालव, बाबा. थांबू नकोस.

आता मी दोन ठिकाणी आहे. माझा एक भाग व्हरांड्यात आहे आणि दुसरा त्या छोट्या खोलीत, जिला आतून कडी आहे. तिथे येणाऱ्या सगळ्याच जणी अर्ज चालवतात असे नाही. काही जणी अजूनही मागे घेतात. पण आता तो निर्णय त्यांचा असतो. मागे एकदा दाराएवढा धिप्पाड मासेमार आला. बायकोने उकळते पाणी अंगावर टाकले होते. लाजेने त्याला मान वर करता येईना. पूर्वीचा मर्ल असता तर हसला असता. या मर्लने त्याला कॉफी आणून दिली, दार लावले आणि बाहेर उभा राहिला. समितीचे लोक अजून कुरकुरतात. एखादा वकील अजूनही हॉगनबाईंना 'बाळा' म्हणून बघतो, आणि पुन्हा म्हणायची हिंमत करत नाही.

आमच्या जातीचे बाक शेवटी सांगतात, की आम्हाला पॉलिश करा, आमच्यावर नावे कोरू नका. माझे तसे काही मागणे नाही. मी ओक आहे, टिकेन. मागणे आहे ते दुसऱ्यांसाठी. मित्रांनो, तुमच्या शाळेत, शेजारात, घरात कुणी खाली मान घालून म्हणेल, "काही नाही, माझीच चूक झाली." तेव्हा त्याच्या शेजारी कोण बसले आहे, ते आधी बघा. त्याला उठवा, दार लावा आणि पुन्हा एकदा विचारा.