पाझर

तिला सगळे मधली म्हणायचे. तीन भावंडांतली ती मधली म्हणून घरातलं हे नाव. पुढे रंगाच्या कारखान्याने तिला खाडीवरच्या मच्छीमारांशी बोलणी करायला नेमलं आणि ते नाव चारचौघांतही चिकटलं. माहेर खाडीच्या काठावर, सासर कारखान्याच्या वसाहतीत. नवरा तिथेच पंपांवर मिस्त्री. दादा, तिचा थोरला भाऊ, मच्छीमारांच्या संस्थेचा प्रमुख.

कारखान्याने खाडी नासवली होती आणि मच्छीमारांच्या वस्तीने कारखान्याच्या काचा फोडल्या होत्या. कितीतरी वर्षं हेच चाललं. मग दोघेही थकले आणि भागीदारी ठरली. कारखान्याने सांडपाणी आधी मातीच्या बांधाच्या तलावात साठवायचं, शुद्ध करायचं, मगच खाडीत सोडायचं. पाण्यावर नजर मच्छीमारांनी ठेवायची. कारखान्याने त्यांना मासळीसाठी शीतघर बांधून द्यायचं. आणि दादाने हट्टाने घालायला लावलेली एक अट होती : काही बिघडलं तर सगळ्यात आधी एकमेकांना सांगायचं. बाकी सगळं जमलं. खाडीत मासे परतले, काठावरच्या चिखलात शिंपल्या सापडू लागल्या. ही शेवटची अट पाळायची वेळच कधी आली नव्हती.

त्या दिवशी सकाळी मधली मच्छीमारांना दाखवायचा पाण्याचा नमुना घ्यायला बांधावर गेली. बांधाच्या बाहेरच्या उतारावर गवताचा एक पट्टा पिवळा पडला होता. ती खाली उतरली आणि तिच्या बुटाची टाच मऊ मातीत रुतली. तिथून पाणी झिरपत होतं. करंगळीएवढीच धार, पण गढूळ. स्वच्छ पाणी झिरपलं तर एक वेळ चालतं, गढूळ धार म्हणजे पाणी आतून माती खात आलंय, हे नवऱ्याने तिला कितीदा तरी सांगितलं होतं. तलावातलं पाणी अजून शुद्ध व्हायचं होतं. ते अंगावर पडलं तर कातडी सोलून निघते, हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं.

ती तशीच मोठ्या साहेबांच्या खोलीत गेली.

साहेब नवा कोट घालून आरशासमोर उभे होते. परदेशातून खरेदीदार येणार होते, त्यांना ही भागीदारीच तर दाखवायची होती.

"पाझर आहे ना? बांध फुटलेला नाही ना?" ते म्हणाले. "दुपारी पाहुणे गेले की मुरूम टाकून घेऊ."

"वस्तीला कळवायला हवं, साहेब. ओहोटी आहे. बायका चिखलात उतरल्या असतील."

"आज कळवलंत तर उद्या भागीदारी उरणार नाही. तुम्हीच जमवलीत ना ती?" साहेबांनी टायची गाठ सारखी केली. आवाज अगदी मऊ होता. "तुमचं घर वसाहतीतच आहे, नाही का?"

एवढंच बोलले. बाहेर येऊन तिने दादाला फोन लावला. लागला नाही, तो होडीवर असणार. वहिनीला लावला. वाजत राहिला.

नवरा पंपघरात होता. तिने सांगितलं तसा त्याचा चेहरा उतरला.

"गढूळ? नक्की?"

"नक्की."

त्याने हात पुसले. पुसलेले हात पुन्हा पुसले. "तू जा. मी तलावाचं पाणी मागच्या रिकाम्या टाकीत खेचायला लागतो."

"साहेबांना न विचारता?"

"विचारलं तर नाही म्हणतील. न विचारता केलं तर नुसते ओरडतील." तो हसायला गेला. "घर गेलं तर तुझ्या माहेरी राहू. तुझा दादा मला जाळ्यात घालून वाळवेल, एवढंच."

वस्तीकडे जायला दोन वाटा होत्या. रस्त्याची लांब, आणि बांधाच्या पायथ्याची जवळची. रस्त्याने गेलं तर उशीर होईल आणि पायथ्याने गेलं तर कदाचित पोचणारच नाही. इकडे आड, तिकडे विहीर. ती पायथ्याने निघाली.

डाव्या हाताला बांध तिच्या डोक्याच्या वर उभा होता. धार आता मनगटाएवढी झाली होती. मातीतून गुळगुळ आवाज येत होता, कुणीतरी भिंतीपलीकडे चूळ भरत असल्यासारखा. पळावं म्हटलं तर पाय घसरत होते आणि जपून चालावं तर धीर होत नव्हता. मागे मातीचं ढेकूळ धप्पकन पडलं. तिने वळून पाहिलं नाही.

तलावाचं पाणी खाडीत सोडणाऱ्या सांडव्याच्या तोंडासमोरच वहिनी आणि तिच्या दोघी बहिणी गुडघाभर चिखलात वाकून शिंपल्या वेचत होत्या.

"वर या! बांध फुटतोय!"

"अगं, साहेबाने आज सकाळीच पाजली की काय तुला?" वहिनी हसली. मग तिला मधलीचा चेहरा दिसला. टोपली तिथेच टाकून तिने बहिणींना पुढे ढकललं. त्यांतल्या धाकटीचा पाय रुतून बसला होता, निघेना. मधली चिखलात शिरली. तिने आणि वहिनीने मिळून धाकटीला खांद्याखाली धरून ओढलं. ती सुटली तशा चौघीही पालथ्या पडल्या आणि रांगतच काठावर आल्या.

दादा नुकताच होडी लावत होता. मधलीने सांगितलं. त्याने हातातला दोर आधी खुंटाला बांधला.

"साहेबांनी पाठवलं तुला?"

"नाही."

"म्हणजे अट मोडली त्यांनी."

तोवर बातमी वस्तीभर झाली. या कामासाठी वस्तीत एक खास माणूसच होता, त्याचं नावच बातमी पडलं होतं. माणसं गोळा झाली आणि वाकून दगड उचलू लागली. पूर्वीसारखीच. मधलीचा नवरा आत पंपावर होता.

"दगड घ्या," ती ओरडली, आवाज चिरकला, "पण जाळ्यांत भरा! बांधाला आधार द्यायला दगडच लागणार आहेत. साहेबाला उद्या मारा, तो कुठे जात नाही. खाडी जाईल!"

कुणी हललं नाही. सगळे दादाकडे बघत होते. दादाने हातातला दगड पाहिला, जुनं जाळं ओढलं आणि त्यात टाकला.

"मारामारी उद्या," तो म्हणाला. "चला."

कारखान्याचं फाटक बंद होतं. दगडांनी भरलेली जाळी खांद्यावर घेतलेला जमाव बघून पहारेकऱ्याचं धाबं दणाणलं. खिडकीतून साहेब पोलिसांना फोन करताना दिसत होते, त्यांच्या मागे पाहुणे भिंतीला चिकटून उभे होते. फाटक उघडलं ते मधलीच्या नवऱ्याने. तसं करताना त्याने आपल्या मेव्हण्याच्या डोळ्याला डोळा दिला नाही.

मऊ बांधावर यंत्र चढवता येत नव्हतं. माणसांनी हातोहात जाळी खाली सोडली, वर मातीच्या गोण्या रचल्या. कारखान्याचे कामगार एकेक करत बाहेर आले आणि त्याच रांगेत उभे राहिले. दुपार कलताना एक तुकडा कोसळलाच. निळंजांभळं पाणी उसळून खाडीत शिरलं आणि बातमीच्या पोटरीला लागलं. तो असा किंचाळला की मधलीने कान झाकून घेतले. पण मागची टाकी भरत होती, तलाव उतरत होता. उरलेला बांध टिकला.

कोट काढून साहेब शेवटी तिथे आले, तेव्हा गोण्या उचलायच्या उरल्या नव्हत्या.

त्या हंगामात सांडव्याजवळच्या चिखलात एकही शिंपली जिवंत राहिली नाही. बातमीचा पाय बरा झाला, पण डाग राहिला. वस्तीसोबतच्या बैठकीत साहेब खाली मान घालून म्हणाले, "मी घाबरलो होतो."

"आम्ही काय मजेत होतो?" वहिनी म्हणाली.

भागीदारी मोडा म्हणणारे वस्तीत पुष्कळ होते. दादाही त्यांच्यातच होता. वहिनीनेच सगळ्यांना थांबवलं. मोडली तर तलाव तिथेच राहील, फक्त आपल्याला आत जाता येणार नाही, एवढंच तिचं म्हणणं. तिने दोन गोष्टी मागितल्या : सांडव्याच्या दाराची एक किल्ली वस्तीकडे, आणि कुणालाही न विचारता वाजवता येईल असा भोंगा. दोन्ही मिळाल्या. दादा मधलीशी कितीतरी दिवस तुटकच बोलत होता. पण रोज सकाळी तो तिच्यासोबत बांधावर दोन माणसं पाठवायचा. ती दोघं माती दाबून बघत पुढे चालायची, तिला मागे ठेवून.

मधलीची भीती काही गेली नाही. बांधावर पाऊल टाकताना तिच्या टाचा आजही आपोआप मातीची चाचपणी करतात.

पुढे साहेबांची बदली झाली. नवा साहेब येणार असं तिने वहिनीला सांगितलं.

"कसा आहे?"

"कोण जाणे. हुशार आहे म्हणतात."

"हुशारीचं नंतर बघू," वहिनी जाळं झटकत म्हणाली. "आधी त्याला इकडे चिखलात घेऊन ये. इथून बांध केवढा दिसतो ते बघू दे त्याला."