उर्वशी ज्या खेळात चालायची

मी एक जुना मोबाईल आहे, मित्रांनो. माझी काच कोपऱ्यात तडकली आहे आणि बॅटरी फुगली आहे. घुग्घुसच्या एका कारखान्यात काम करणाऱ्या सुनिलने मला विकत घेतले. तिथली धूळ अजून माझ्या स्पीकरमध्ये आहे.

सुनिलची आतेबहीण उर्वशी एटापल्लीकडच्या एका जंगलगावात राहते. दोन वर्षांपूर्वी चारं, म्हणजे चारोळीची फळं, तोडताना ती झाडावरून पडली आणि तिचे दोन्ही पाय गेले. ती कुणाशी बोलेनाशी झाली. तेव्हा सुनिलने मला तिच्या हातात दिले आणि माझ्यात एक खेळ टाकून दिला.

त्या खेळात ठिकठिकाणची माणसे एकाच वेळी एका मोठ्या रानात उतरायची. कुणी तिरंदाज व्हायचे, कुणी ढालवाला. उर्वशी वैदू झाली. ती धावत जाऊन जखमी साथीदारांना औषध लावायची. सुनिल, सिरोंच्याची रीना, बल्लारपूरचा पोचू आणि ती, अशी चौघांची टोळी जमली.

चांगला खेळ कसा असतो, हे मी त्या दिवसांत पाहिले. तो माझ्यासारख्या साध्या फोनवरही चालायचा. आमच्या गावात रेंज सारखी जाते. पण गेलेला गडी परत येईपर्यंत टोळीला थांबता यायचे. पैसे भरून कुणाला मोठी तलवार मिळत नव्हती. आणि वैदूशिवाय कुणाचे पानही हलत नव्हते.

"उर्वशी, कुठी आहेस? तुह्याबिगर पूल ओलांडता येत नाई आमाले!" पोचू खेळता खेळता माझ्या स्पीकरमधून ओरडायचा.

"थांब नं, येऊन राह्यली!" उर्वशी हसून म्हणायची. ते हसू ऐकून तिची आई सोमारी मोहफुले निवडता निवडता थबकायची.

मग गेल्या उन्हाळ्यात खेळाचा नवा अपडेट आला. चित्रे झगमगीत झाली, तलवारी विकत मिळू लागल्या आणि खेळ इतका जड झाला की मी तापू लागलो. एका दुपारी, सुनिल कामावर असताना, ऐन लढाईत मी अडकलो. चित्र गोठले, आवाज मात्र येत राहिला.

"पुन्हा अटकली ही. किती वेळ थांबाचं?" रीना म्हणाली.

"काढ तिले. दुसरी वैदू घेऊ," पोचू म्हणाला.

उर्वशीने माझ्यावर बोट दाबून पाहिले, पुन्हा दाबले. मी हललो नाही. मित्रांनो, त्या क्षणाची लाज मला अजून वाटते.

मागच्या आठवड्यात सुनिल नवा फोन घेऊन आला.

"घे, यावर मस्त चालते," तो म्हणाला.

"मले फोन नाई पायजे, दादा. त्यायले दुसरी वैदू भेटली," उर्वशी म्हणाली आणि तिने भिंतीकडे तोंड फिरवले. नव्या फोनचा डबा अजून उघडलेला नाही. ती पुन्हा कुणाशी बोलत नाही.

खेळ बनवणाऱ्यांनो, मागे राहिलेल्याला थोडी जागा ठेवा. आणि मित्रांनो, तुमच्या टोळीतले कुणी अचानक थांबले, तर त्याला काढण्याआधी एकदा विचारा. पोचूकडे उर्वशीचा नंबर होता. मी अडकलो त्या दिवशी तिने मला संध्याकाळपर्यंत छातीशी धरून ठेवले. थोड्या वेळाने मी पुन्हा सुरू झालो होतो, पण एकदाही वाजलो नाही.