दगडांच्या खुणा

"हात लावू नकोस त्याला," मुसल्लममामा मागून म्हणाला.

तुफूल वाकली होती ती तशीच राहिली. तिनेच रचलेल्या दगडांच्या ढिगाशी एक कोल्हा मरून पडला होता आणि त्याच्या तोंडापाशी अर्धवट चावलेला मांसाचा तुकडा होता. कोल्हे मरतात, त्यात नवल ते काय. पण त्या तुकड्यावर बसायला आलेल्या माश्याही मरून पडल्या होत्या.

मामाला धाप लागली होती. गुडघे गेले म्हणून त्याने डोंगर चढणं केव्हाच सोडलं होतं. आज मात्र ती गाडीतून उतरली तेव्हापासून त्याचं एकच टुमणं चाललं होतं: आज नको जाऊस, धुकं फार आहे, मामीने दूध तापवलंय, बस जरा. ती ऐकेना, तेव्हा काठी टेकत तो मागोमाग आला होता.

"का नको लावू?" तिने विचारलं.

मामाने काठीच्या टोकाने तो तुकडा तिच्यापासून दूर ढकलला.

दोफार प्रांतातल्या या डोंगरांत बिबटे मूठभर उरलेत आणि त्यांची पाहणी करणं हे तुफूलचं काम. सलाला शहरातलं ऑफिस सोडून ती सगळा खरीफ, म्हणजे धुक्या-पावसाचे महिने, इथेच काढायची. धुक्यात हाताला हात दिसत नाही. यंत्र दिशा दाखवतं, पण पाय कड्याच्या अलीकडे ठेवायचा की पलीकडे, ते काही सांगत नाही. म्हणून जिथे जिथे बिबट्याची वाट सापडली आणि आपोआप फोटो काढणारा कॅमेरा बांधला, तिथे तिथे तिने दगड रचले होते आणि वरच्या दगडावर चुन्याचा ठिपका दिला होता. गेल्या महिन्यात त्यातल्या एका कॅमेऱ्यात मादीच्या मागून चालणारा बछडा दिसला. इतक्या वर्षांतला पहिला! तिचा आनंद गगनात मावेना. मामाच्याच घरी बसून तिने तो फोटो सगळ्यांना दाखवला होता. असं दाखवू नये, दृष्ट लागते, असं मामी तेव्हाच म्हणाली होती.

आणि परवा मामाच्या उंटिणीचं पिल्लू बिबट्याने मारलं.

"गोचिडांचं औषध आहे," मामा अखेर बोलला. "पिल्लाच्याच मांसाला चोळलं."

"अरे, भरपाईचा अर्ज करू, फोनवर म्हटलं होतं ना मी?"

"त्याची आई दोन दिवस कुंपणाशी हंबरतेय. तिला काय अर्ज दाखवू?"

तुफूलने विचारलं, किती ठिकाणी ठेवलंस.

"जेवढे तुझे ढीग, तेवढे तुकडे. काठी टेकत काल दिवसभर चढलो. आमच्या आज्या-पणज्यांना बिबट्याची वाट कधी सापडली नाही, पोरी. तू ती दगडांनी मांडून ठेवलीस."

तो टोमणा मारत नव्हता. मारला असता तर तिला उलट बोलता तरी आलं असतं. ज्या खांद्यावर बसून तिने लहानपणी हा डोंगर पाहिला, तोच खांदा समोर पडलेला दिसत होता, आणि तिला त्याचा राग येत होता, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

तिने हातमोजे चढवले, मांस आणि कोल्हा पिशवीत भरला आणि वरची वाट धरली. मामाही निघाला. पुढच्या ढिगाशी तुकडा तसाच होता. त्याच्या पुढच्याही. विषारी मांस जागच्या जागी दिसलं की तिला हायसं वाटायचं. हायसं कसलं वाटून घेतेस, असं स्वतःलाच बजावत ती जवळजवळ धावत होती. धुकं दाटत होतं. एरवी या वाटेवर कावळ्यांची कटकट असते, आज एकही ओरडत नव्हता.

शेवटचा ढीग झऱ्यापाशी होता. तिथे मांस नव्हतं.

"कोल्ह्याने नेलं असेल," मामा म्हणाला. मग त्यालाही चिखलातली पावलं दिसली. मोठी पावलं कड्याकडे फरफटत गेली होती. लहान पावलं त्यांच्याभोवती फिरत होती. मामा त्या पावलांशी खाली बसला.

झाडाला बांधलेला कॅमेरा ढिगाकडे तोंड करून होता.

"त्यात मीही असेन ना?" मामाने विचारलं.

"असशील. आधी तू, मग ती."

मामाने काठी बाजूला ठेवली.

"ने तुझं ते कॅमेऱ्यातलं कार्ड," तो म्हणाला. "मी कुठे जात नाही. पळायला गुडघे कुठे राहिलेत?"

तिने कार्ड काढून खिशात टाकलं. मग ती ढिगाशी बसली आणि चुन्याचा ठिपका असलेला दगड उचलून चिखलात पालथा घातला. मग दुसरा काढला. मामा मदतीला सरकला, तशी तिने नुसता हात आडवा धरला.

वर कड्यातून बछड्याचा आवाज आला. थोडा थांबून पुन्हा आला. मामाने खाली घातलेली मान वर केली नाही. तुफूलने पुढचा दगड उचलला.