माळ्यावरचे पाणी

"पानी खाली घ्या, भाऊ. माज्या घरात एवढं नव्हतं."

तुळजाबाईंनी टॅबच्या काचेवर बोट टेकवले. काचेत त्यांचेच घर दिसत होते: चूल, मांडणी, भिंतीला टेकलेली शिडी, आणि या सगळ्यावर, माळ्याच्या फळ्यांच्याही दोन हात वर, गढूळ पाण्याचा सपाट थर पसरला होता. टॅब बाजूला केला की घर कोरडे ठणठणीत.

टॅब धरून उभा असलेला सहदेव पोलादपूरचा. भूमापनाच्या नोकरीत त्याची सव्वीस वर्षे गेली होती आणि वीतभर बांधासाठी तीनदा मोजणीची साखळी टाकणारा माणूस अशी त्याची ख्याती होती. मागच्या मोठ्या पुरात सावित्री नदीचे पाणी या दासगावात जिथवर चढले होते, तिथवर ते टॅबमध्ये घरोघर पुन्हा उभे करायचे, असे काम सध्या त्याच्याकडे होते. पुढे कोणीही आपल्या दारात मोबाइल धरला की पाणी कुठवर येते ते त्याला दिसावे आणि त्याने वेळेवर घर सोडावे, एवढाच त्यामागचा हेतू.

"काकी, पाणी सपाट असतं. शेजारी डोक्यावरून आणि इथे कमरेपर्यंत, असं ते उभं राहत नाही. मैनाताईंच्या भिंतीवर पुराची जी रेघ आहे, तीच पातळी तुमच्या घरात."

शेजारची मैना सूप कडेवर घेऊन दारातच उभी होती. "माजी रेघ पक्की हाय हां, साहेब. रंग काढताना नवरा बोलला, पुसून टाक. मी बोलले, एक वेळ तुला पुसेन, रेघ नाय पुसायची."

ती स्वतःच हसली. तुळजाबाई हसल्या नाहीत.

"मैने, तू घरी जा गो."

मैना गेली. तुळजाबाई शिडीजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"आमचे मालक गारठ्यानं गेले. माळ्यावर पानी नव्हतं. गुडघे धरलेले त्यांचे, टेकाडावरच्या शाळेपर्यंत चालवत नव्हतं. बोलले, मी वर बसतो, तू मानसं घेऊन ये. ही शिडी मीच लावलीवती. मानसं घेऊन आले, तवर आळीत पोरांना पन पाय टेकंना."

त्यांच्या मालकांचे, महिपतरावांचे, नाव सहदेवने पुरात गेलेल्यांच्या यादीत वाचले होते. ते कोणत्या घरातले, हे मात्र त्याने पाहिले नव्हते. माळ्यावरचे ते दोन हात पाणी तुळजाबाईंना का नको होते, हे त्याला आता कळले. पण वाद घालायची सव्वीस वर्षांची सवय जिभेवर होती, आणि मुद्दाही खोटा नव्हता.

"मी पाणी खाली दाखवलं, तर उद्या आणखी कोणीतरी त्याच भरवशावर आपल्या माणसाला माळ्यावर चढवील, काकी."

वाक्य पुरे झाल्यावर त्याला ते ऐकू आले. त्याने मान खाली घातली.

तुळजाबाई शांतपणे म्हणाल्या, "मला ठाव नाय, असं वाटलं तुमाला? माळ्यावरचा चिखल मीच काढला. ह्या हातांनी. आठ दिस. फळीफळी धुतली." त्यांनी शिडीच्या पायरीवरून तळवा फिरवला. "खोटं लिवा, असं नाय म्हनत मी. पर एकदा काढलेलं पानी परत आनून माज्या घरात भरू नका, भाऊ. येईल तो मोबाइल धरंल नि बघंल, म्हातारा कुठं होता."

सहदेव टॅब घेऊन बाहेर आला. घराच्या चारही कोपऱ्यांवर त्याने एकेक खूण रोवली, त्या काचेत जोडल्या आणि जोडलेल्या जागेच्या आत पाणी दिसू नये अशी आज्ञा दिली. बाहेर त्याने पातळी बोटभरही हलवली नाही. माळ्याचा झरोका बाहेरून पाहणाऱ्याला बुडालेलाच दिसणार होता, आणि ज्याला शहाणे व्हायचे त्याला तेवढे पुरेसे होते. तक्त्यात 'आतील भाग' या रकान्यापुढे त्याने लिहिले: 'वगळला. घरधनिणीची संमती नाही.' आणि खाली पूर्ण सही केली. सव्वीस वर्षांत त्याने रिकामी सोडलेली ही पहिलीच जागा.

मग त्याने तुळजाबाईंना अंगणात बोलावले आणि टॅब त्यांच्या हाती दिला.

अंगणभर डोक्यावरून पाणी होते. मैनाचे घर, तुळशीवृंदावन, विजेचा खांब, सगळे त्यात उभे होते. पण दाराच्या चौकटीशी येऊन ते पाणी कापल्यासारखे थांबले होते. पलीकडे सारवलेली जमीन दिसत होती, मांडणीवरची पितळी भांडी दिसत होती, आणि माळ्याच्या फळीवर नारळांचा ढीग.

"कोरडं हाय," त्या म्हणाल्या.

"हो, काकी."

टॅब परत देऊन त्या घराकडे वळल्या. कोरड्याच अंगणातून त्या सावकाश चालत गेल्या, दोन्ही हातांनी लुगडे घोट्याच्या वर धरून. आणि उंबऱ्याच्या आत पाऊल पडल्यावर त्यांनी ते सोडले.