पोटाला खिसा असलेला गेंडा

नवरा मला घाबरट म्हणतो. म्हणू दे. परदेशात माल विकणाऱ्या घरात कोणीतरी घाबरायला हवं, आणि बाकीच्या दोघांना ते जमत नव्हतं.

आमचं दुकान म्हणजे घराची बाहेरची खोली. दोन शिलाई मशीन, कापसाचं पोतं, वजनकाटा, चिकटपट्टीची रिळं आणि माझा लॅपटॉप. सासूबाई कापडी प्राणी शिवतात, नवरा पार्सलं बांधतो आणि मी ते प्राणी वेबसाइटवर विकते. सगळी गिऱ्हाइकं समुद्रापलीकडची. वेबसाइटने एक दिवस आमच्या तोंडावर दार लावलं तर दाद मागायला जायचं कुठे, हे मला अजूनही ठाऊक नाही. म्हणून मी जपून असते. फोटोत मागे कार्टूनची उशी दिसली तर फोटो पुन्हा काढते. वर्णनात मोठ्या कंपनीचं नाव घालू देत नाही, ‘त्यांच्यासारखं’ असंसुद्धा नाही. नवऱ्याने एकदा स्वस्तात मिळालं म्हणून सिनेमातल्या राजकन्येच्या चित्रांचं कापड आणलं, तर मी त्याची फरशी पुसायची फडकी केली. बरेच दिवस गाल फुगवून बसला होता.

फक्त गेंड्याची मला कधी भीती वाटली नाही. सासूबाईंचा गेंडा म्हणजे आमचा हुकमी माल. पोटाला खिसा आणि खिशात पिल्लू. गेंड्याच्या पोटाला खिसा लावायचं सुचायला डोकं लागतं, आणि ते आमच्या घरात आहे याचा मला केवढा अभिमान! ‘आमची स्वतःची कल्पना’ असं मीच ठळक अक्षरांत लिहिलं होतं.

तक्रार आली ती त्याच गेंड्यावर.

दुपारचं जेवण उरकून मेल उघडली. परदेशातली एक खेळण्यांची कंपनी म्हणत होती की हा गेंडा त्यांचा आहे. वेबसाइटने तो विक्रीतून काढूनही टाकला होता. तुमचा असेल तर पुरावा द्या, नसेल तर माघार घ्या. आणि खाली एक ओळ: खोटी माहिती दिल्यास दुकान कायमचं बंद. त्या ओळीवरून माझी नजर हलेना. हे दुकान गेलं तर तिघांच्याही हाताला दुसरं काम नव्हतं.

“आपण कुणाची नक्कल केलीय का? मग कशाला घाबरतेस?” नवरा म्हणाला. “मी लहान असताना आईने शिवलाय तो. त्याला कुशीत घेऊन झोपायचो मी. त्यांनीच आपला ढापला असेल.”

“आपल्या घरात येऊन ढापला?”

“तुला ना, आधी आपलीच माणसं चोर वाटतात.”

हे मला लागलं.

सासूबाई मशीनवरून उठल्या. “पुरावा हवाय ना? थांबा जरा.” आत गेल्या, पलंगाखालची पेटी ओढल्याचा आवाज आला आणि उशीच्या जुन्या अभ्र्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आल्या. आत गेंडा होता. विटलेला, एका डोळ्याने आंधळा, पण पोटाला तोच खिसा आणि खिशात तेच पिल्लू.

“अरे, माझा ढब्बू!” नवऱ्याने तो नाकाला लावला. मग टेबलावर पांढरा कागद अंथरून फोटो काढायची तयारी सुरू केली. माझा जीव भांड्यात पडला. मी उत्तर टाइप करायला घेतलं, आणि फोटोत खिसा नीट दिसावा म्हणून गेंडा उलटसुलट करून पाहिला.

त्याची पाठ मशीनवर शिवलेली होती, पोट मात्र हाताने, जाड दोऱ्याने. उसवून पुन्हा शिवल्यासारखं. आणि शेपटीखालच्या शिवणीत एक पट्टी होती, धुऊन धुऊन झिजलेली. त्यावरचं नाव मी मघाशीच वाचलं होतं. मेलमध्ये.

“आई, हा तुम्ही शिवलाय?”

“पुन्हा शिवलाय. माझ्या भावाने आणला होता, जहाजावर होता तेव्हा. मला असा दुसरा करायचा होता, म्हणून सगळा उसवला, तुकडे कागदावर ठेवून कटिंग काढलं आणि हा परत जोडला. कोणी शिकवलं नव्हतं हो मला!” शाबासकीची वाट बघत त्या माझ्याकडे पाहत होत्या.

त्या खोटं बोलत नव्हत्या. शिवणकाम करणाऱ्या बायका असंच करतात. आवडलेला फ्रॉक उसवायचा, कटिंग काढायचं आणि कात्री चालवायची. जिने कापला, तिचा फ्रॉक.

नवऱ्याने पट्टी पाहिली. मग त्याने टेबलावरची कात्री उचलली.

“एवढीशी चिंधी. कापली की झालं.”

“आणि त्यांना कळलं तर?”

“कसं कळणार?”

खरंच, कसं कळणार होतं? मला भीती त्याचीच होती. कुणालाच कळणार नाही, आणि मी मात्र यापुढे प्रत्येक मेल जीव मुठीत धरून उघडणार.

“काय कापताय?” सासूबाईंनी विचारलं.

कंपनीला उत्तर देण्यापेक्षा मला त्यांना सांगायची जास्त भीती वाटत होती. पण सांगितलं. “आई, ज्यांनी तक्रार केलीय ना, त्यांचाच आहे हा.”

त्यांनी गेंडा खिडकीशी नेला. पट्टी डोळ्यांजवळ धरली.

“म्हणजे इतकी वर्षं मी चोरी करत होते?”

“नाही हो आई! पोरासाठी शिवला, त्यात कसली चोरी? बाजारात मी नेला.”

त्या टेबलाशी परत आल्या. मुलाच्या हातातून कात्री काढून घेतली. “त्या पट्टीला हात लावायचा नाही,” एवढंच म्हणाल्या.

मी माघार घेतली. बाकीचे प्राणी दुकानात राहिले, दुकान राहिलं. नवऱ्याने फळीवरचे सगळे गेंडे मुकाट्याने पोत्यात भरले.

आता सासूबाई आडव्या होतील असं मला वाटलं. पण त्यांनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि खडूने काहीतरी काढलं. लांब पाठ, आखूड पाय, मान कशीतरीच वळलेली. ते कागदाचं कटिंग कापडावर ठेवलं, टाचण्या लावल्या.

“काय आहे हे?”

“मलाच माहीत नाही. कुठे पाहिलेलं नाही, एवढं खरं.” कात्री कापडावर नेली आणि थांबल्या. “पाहिलं नसेल ना गं?”

त्यांची कात्री कापडावर थांबलेली मी कधी पाहिली नव्हती. बोलता बोलता, न बघता कापतात त्या.

“तू आधी शोध,” त्या म्हणाल्या. “कुणाचं असं असेल तर सांग. मग कापते.”

मी लॅपटॉप ओढला आणि शोधायला लागले. त्या उघडी कात्री हातात धरून माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. या घरात आणखी कुणाला तरी भीती वाटावी, असं मला किती दिवस वाटायचं. त्यांच्या डोळ्यांत ती दिसली आणि मला रडू आलं.

“कुणाचंच नाहीये, आई. कापा.”

कात्री हलली नाही.

“नीट बघ,” त्या म्हणाल्या.